साबण वाढत नाही

मक्याच्या पोंग्यात, कोवळ्या पानांच्या सुरळीत, बसणारी लष्करी अळी मी चिमटीत धरून चिरडलेली आहे. आठवीतून शाळा सोडून घरी बसले, त्या वर्षी किनवटकडच्या आमच्या शेतात तेच माझं काम होतं. पुढं परंदवडीजवळ एका कंपनीत काचेची भांडी धुवायला लागले, तर इथं त्याच अळीच्या पेशी लोक जिवापाड जपत होते. फ्लास्कमध्ये, सत्तावीस डिग्रीला, सतत हलवत. वाढल्या की त्यांच्यात बदल केलेला विषाणू सोडायचा. तो पेशींकडून आपल्याला हवं ते प्रोटीन करून घेतो, लसीसाठी लागतं ते. पेशी फुगतात, प्रोटीन करतात आणि मरतात.

हे मला प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी समजावलं. फ्लास्क धुणारीला सूक्ष्मदर्शकापाशी कोण बसवतं? त्यांनी बसवलं. ते उपकार मी विसरत नाही, म्हणूनच पुढचं सगळं जड गेलं.

एका सोमवारी बियाण्याच्या पेशी बिघडल्या. म्हणजे ज्यांना विषाणू लावायचा नसतो, ज्यांतून पुढची प्रत्येक खेप काढायची, त्या. वाढ थांबलेली. मॅडमच्या हाताखालचे सर माझ्याकडं वळले.

"फ्लास्कमध्ये साबण राहिला. धुते कोण?"

"मीच धुते, सर."

"मग झालं."

दुपारी कागद आला : धुण्यातल्या हलगर्जीपणामुळं नुकसान झालं, मला मान्य आहे. खाली सहीची जागा. सही केली की कंत्राट संपणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. सोमाटण्याची भाड्याची खोली सोडून घरी काय तोंड दाखवू?

मॅडम हळूच म्हणाल्या, "सही करून टाक. मी सांभाळून घेईन."

झाडलोट करणाऱ्या परंदवडीच्या मावशी बाहेर वाट बघत होत्या. "सही करू नगंस. आज सांभाळतील, उद्या म्हंत्याल, हिनंच लिवून दिलंय. लय बघितल्यात मी."

"पण मावशी, मॅडमना नाही कसं म्हणू?"

"तोंडानं म्हण. न्हाईतर काय पायानं म्हंतीस?"

खरं कारण मला माहीत होतं. आमच्याकडं रीत आहे : सकाळी आधी निरोगी पेशींची खोली, मग विषाणूची. एकदा विषाणूच्या खोलीत पाय ठेवला की त्या दिवशी पेशींकडं फिरकायचं नाही. गुरुवारी सर विषाणूच्या खोलीतून निघाले आणि त्याच कोटात पेशींच्या खोलीत शिरले. पाहुणे येणार होते, घाई होती. मी बघितलं आणि गप्प बसले. तेवढा गुन्हा माझा.

मी आत गेले. कागद मॅडमसमोर ठेवला.

"मॅडम, सही नाही करणार. साबणानं पेशी फुटतात, चोथा होतो. या फुगल्यात. तुम्हीच दाखवलं होतंत."

सर हसले. "आता आठवीवाल्या आम्हाला शिकवणार!"

"शिकवत नाही, सर. मी धुतलेल्या दोन फ्लास्कमध्ये दुसऱ्या खोलीतल्या राखीव पेशी घाला. एक तसाच ठेवा. दुसऱ्यात बिघडलेल्या फ्लास्कमधलं पाणी पेशी काढून थेंबभर टाका. साबण असेल तर थेंबानं काही व्हायचं नाही. साबण वाढत नाही. विषाणू वाढतो." श्वास घेतला. "आणि गुरुवारी तुम्ही कुठून कुठं गेलात, ते मी बघितलंय."

मॅडमनी सरांकडं बघितलं. सरांनी कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

फ्लास्क मॅडमनी स्वतः लावले. चार दिवस मला जेवण गेलं नाही. शुक्रवारी त्यांनी हाक मारली, सूक्ष्मदर्शकापाशी जागा करून दिली. साधा फ्लास्क : गोल, टवटवीत पेशी. थेंबाचा फ्लास्क : फुगलेल्या, निम्म्या मेलेल्या. मॅडमनी कागद फाडला. म्हणाल्या, "मी तुला सही करायला सांगायला नको होतं." मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, तरी रडले.

सरांनी माफी मागितली नाही. मी वाटही बघितली नाही. पुढच्याच आठवड्यात दुपारचे ते विषाणूच्या खोलीतून आले आणि पेशींच्या दाराकडं वळले. मी ट्रे खाली ठेवला, दारात उभी राहिले.

"एकच मिनिट, एक फ्लास्क बघायचाय."

"उद्या सकाळी, सर. आधी इथं या, मग तिकडं जा."

मी दारातून हलले नाही. सरच परत फिरले.