वेष्टीवरचा लाल थेंब

गाडीखालचा तेलाचा थेंब बोटावर घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचे. माझ्या सासूबाई रसमचा वास घ्यायच्या, अगदी तसं. मग डोळे न उघडताच आमचे गाडीचे मेस्त्री म्हणायचे, "करपलेलं नाही. जगेल." आणि लगेच पुढचं, ठरलेलं, "आधी पुसा, मग बघा."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. जगातलं सगळं दुखणं एका वाक्यात बसवणारा. आमचे मेस्त्री बसवत होते, आणि बहुतेक वेळा बसतही होतं.

आमच्या पिकअपसारखी गाडी तंजावुरात दुसरी नव्हती. कालव्याच्या कामावर आलेला एक परदेशी इंजिनिअर जाताना ती विकून गेला, आणि आमच्या यांनी हौसेनं घेतली. गिअर आपोआप पडायचे. क्लच नाहीच. म्हणून तर मी शिकले! राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून पन्नाशीची बाई ट्रक हाकते हे बघायला माणसं ओट्यावर यायची. डाव्या पायाला काही काम नाही, उजव्यानं दाबलं की चाललं. पापनाशमजवळच्या आमच्या शेताला मी आठवड्यातून दोनदा जायची, येताना मागे नारळ.

हे गेले. वर्षश्राद्धाला महिना उरला होता, तेव्हा चेन्नईहून मुलाचा फोन आला. "आई, त्या गाडीखाली तेल सांडलेलं असतं म्हणे. मी येईन तेव्हा गळत असली तर भंगारात देणार. तुझं चालवणंही बस झालं."

तेव्हा मी अवघ्या चौसष्ट वर्षांची पोर. अक्कल यायची होती. मी काय करावं? रोज पहाटे उठून दारात शेणसडा घालायची, गाडीखालचे लाल थेंब खराट्यानं घासून काढायची आणि त्यावर ठिपक्यांचं मोठं कोलम घालायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मामी, काय सुरेख! मी मान डोलवायची. एवढं मोठं कोलम मी लग्नातही घातलं नव्हतं.

थेंब वाढले, तशी एक दिवस गाडी चढावर नुसतीच घोंघावली. पुढं जाईना. मग मी मेस्त्रींना बोलावलं. साठीचे, सडपातळ, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी छोटा ब्रश. ते जमिनीकडे बघत राहिले.

"अम्मा, गाडी गळते म्हणता. मग डाग कुठाय?"

"मी रोज धुते."

"पेशंटचं रक्त रोज पुसायचं आणि डॉक्टरला म्हणायचं, शोधा!"

"तुम्हीच म्हणता ना, आधी पुसा?"

"पुसा, *मग बघा*. तुम्ही पुसून वर रांगोळी काढता."

त्यांनी गाडीचं पोट चिंध्यांनी कोरडं केलं आणि एक पांढरं फडकं मागितलं, मोठं. घरात तेवढं पांढरं एकच होतं. यांची वेष्टी, नेसायचं पांढरं धोतर. वर्षभर मी ती घडी मोडली नव्हती. मेस्त्रींनी काठ पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "दुसरं चालेल," म्हणाले. मी म्हटलं, गाडी त्यांचीच आहे. घाला.

सकाळी वेष्टीवर बरोबर मधोमध लाल ठिपके होते. मेस्त्री उकिडवे बसून ते वाचू लागले. पुढं पडलं असतं तर नळी, मागं पडलं असतं तर सील. मधे, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाला बोल्टांनी बसवलेलं तेलाचं ताट आणि त्या दोहोंमधलं पॅकिंग. ताट खाली काढलं तेव्हा त्याची कड बोल्टापाशी वर-खाली झालेली दिसली.

"अय्या दर वेळी गळलं की बोल्ट आवळायचे?" यांना ते अय्या म्हणायचे.

"दर वेळी. जोर लावून."

"प्रेमानं आवळायचे," मेस्त्री हसले. "पण पॅकिंग चिरडतं. जास्त आवळलं की जास्त गळतं, अम्मा."

ओट्यावर बसून त्यांनी लाकडाच्या ठोकळ्यावर ती कड ठोकून सरळ केली. दिवसभर. बुचाच्या पातळ तावातून नवं पॅकिंग कापलं. बोल्ट आधी नुसत्या बोटांनी, मग पान्यानं जरासे, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. हाताला पुरे वाटलं की थांबायचे. शेवटी खिशातला ब्रश काढून प्रत्येक बोल्टावरून ताटाच्या कडेपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली.

"दोन दिवस एखादा थेंब पडेल. वर कुठंतरी अडकलेलं तेल असतं. हात लावू नका."

हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी तीनदा "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, धुऊन पुन्हा अंथरलेल्या वेष्टीवर एक थेंब. एकच, कुंकवाएवढा. संध्याकाळी मुलगा येणार होता, उद्या श्राद्ध. यांची पान्यांची पेटी काढली, चटई अंथरली, पदर खोचला आणि चौसष्ट वर्षांची ती शहाणी बाई पाठीवर सरपटत गाडीखाली शिरली. अंबाड्याला तेल लागलं, कोपर सोललं, आणि दात-ओठ खाऊन मी एकूण एक बोल्ट आवळला. बाहेर आले ती लढाई जिंकल्यासारखी. कोपरावर हळद दाबली आणि श्राद्धाची भाजी चिरायला बसले.

श्राद्धाच्या सकाळी, ब्राह्मण यायच्या आधी, गाडीखाली लाल थारोळं.

मुलानं मेस्त्रींना बोलावून भर गल्लीत झापलं. मेस्त्री गाडीखाली गेले. एकेक बोल्ट बघितला. बाहेर आले, उठून उभे राहिले, आणि क्षणभर माझ्या कोपरावरच्या हळदीकडे पाहिलं. मग मुलाला, धाकट्या भावाला म्हणावं तसं, म्हणाले, "चूक माझी, तंबी. पॅकिंग नीट बसलं नाही. एकदा परत करू द्या. पुन्हा गळली तर खुशाल विका."

मुलगा कबूल झाला. पण त्याचा एक वर्गमित्र तांदळाची गिरणी चालवतो. त्याच्या पाचही गाड्या मेस्त्रींकडे कायमच्या दुरुस्तीला यायच्या होत्या, पुढच्याच आठवड्यात. मेस्त्रींनी तेवढ्यासाठी शेडला नवीन पत्रे घातले होते. मुलानं तिथंच उभं राहून त्याला फोन लावला. "अरे, त्या मेस्त्रीकडे नको देऊस. साधं पॅकिंग बसवता येत नाही त्याला."

मी दारात उभी होते. हातात दर्भ होता. तोंड होतं. उघडलं नाही.

मेस्त्री हात पुसत राहिले. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी.

दुसरं पॅकिंग टिकलं. गाडी राहिली, चावी माझ्याकडे राहिली. मेस्त्री दर महिन्याला यायचे, वेष्टी अंथरायचे, बघायचे, कॉफी घ्यायचे. दर महिन्याला मी ठरवायची, आज सांगायचं. आणि दर महिन्याला विचारायची, साखर बेताची ना? गिरणीच्या गाड्या त्यांच्या शेडवरून पुढे दुसरीकडे जायच्या. ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत. चार वर्षांनी शेड बंद झाली आणि ते पापनाशमला मुलीकडे राहायला गेले.

गेल्या मार्गळीत, ऐन थंडीच्या महिन्यात, कळलं, उजवी बाजू लुळी पडलीय. मी गाडी काढली.

ते ओसरीवर खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर, कुणी दुसऱ्यानं आणून ठेवल्यासारखा. मी कॉफीची वाट पाहिली नाही.

"मेस्त्री, ते बोल्ट मी आवळले होते."

"माहीत आहे," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते. "रेघा. बोल्टांवरच्या सगळ्या रेघा सरकल्या होत्या. आणि हळद."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमची चावी गेली असती." जरा थांबून हसले, अर्ध्या तोंडानं. "चांगली चालवता, अम्मा. ब्रेक जरा जोरात मारता."

मी रडत होते. ते म्हणाले, "आधी पुसा." मुलीला हाक मारून त्यांनी पांढरं फडकं गाडीखाली अंथरायला लावलं आणि आम्ही दोघं अर्धा तास त्याच्याकडे बघत बसलो, कालव्याकाठी पोरं गळ टाकून बसतात तशी. काही पडलं नाही. मेस्त्रींनी डाव्या हाताचं बोट वर केलं, हवेतच अंगठ्यानं चोळलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

घरी येऊन मुलाला फोन केला. सगळं सांगितलं, खराट्यापासून पान्यापर्यंत. तो म्हणाला, "आई, सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? ओरडलो असतो. चावी थोडीच घेतली असती." गिरणीवाल्यालाही मी स्वतः जाऊन सांगितलं. भला माणूस. म्हणाला, "अरेरे मामी, मग देऊ की त्यांना गाड्या."

कोणत्या हातात देणार होता?

पंधरा दिवसांनी मेस्त्रींच्या मुलीचा फोन आला, मेस्त्री गेले म्हणून. मी गेले, गाडी घेऊनच गेले. ब्रेक हळू मारला.

आता दर महिन्याच्या पहिल्या दिवशी मी वेष्टी अंथरते. सकाळी कंदील घेऊन वाकते आणि बोल्टांकडे बघते. रेघा अजून सरळ आहेत, एकही हललेली नाही. मग गुडघे टेकून वेष्टी ओढून घेते आणि उजेडात धरते. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघते, उलटी करून बघते. एखादा थेंब असेल, कुंकवाएवढा.

पांढरी असते.