चौथ्या रांगेत ताई

तिसऱ्या घंटेच्या आधी दिग्दर्शकाला घरी फोन करायचा असतो, हे त्या नाट्यमंडळात पडदा ओढणाऱ्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. फोन अर्ध्या मिनिटाचा. ‘सगळे बरे आहात ना? गॅस बंद आहे ना? ताईकडे कुणी डोकावून आलं का?’ पलीकडून बायको म्हणायची, ‘अहो, सगळे जिवंत आहेत, उघडा तुमचा पडदा.’ मग तो कपाळ पुसायचा आणि घंटा द्यायला सांगायचा. एकदा फोन लागला नाही म्हणून चारशे माणसं पंचवीस मिनिटं ताटकळली होती. नटमंडळींनी त्याचं नाव ‘धडधडराव’ ठेवलं होतं आणि ते तोंडावर म्हणायलाही कुणी कचरत नसे.

दिवसा तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायचा आणि संध्याकाळी शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये बाकं भिंतीला लावून तालमी घ्यायचा. तीस वर्षांत सोळा नाटकं बसवली. अकरा परदेशी नाटकांवरून बेतलेली आणि पाच इथल्याच लोकांनी लिहिलेली, स्वतंत्र. रूपांतरात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मूळ नाटकातला बर्फ काढून उकाडा घालायचा, सात मिनिटांचं स्वगत दोन वाक्यांत आणायचं, जहागीरदाराचा सरकारी कंत्राटदार करायचा. लोक म्हणायचे, अगदी आपल्या गल्लीतलं वाटतं! स्वतंत्र नाटकांना मात्र तो टरकायचा. त्यात लेखक पहिल्या रांगेत बसतो, लेखकाची आई दुसऱ्या रांगेत, आणि मध्यंतरात ती विचारते, ‘यातली कजाग म्हातारी म्हणजे मीच ना रे?’ एकदा खरंच असं झालं होतं आणि पुढचा अंक लेखकाने बाहेर पायऱ्यांवर बसून काढला. ‘परदेशी पाप बरं,’ दिग्दर्शक म्हणायचा, ‘त्याचे नातेवाईक तिकीट काढून येत नाहीत.’

आता एवढी भीती या माणसात आली कुठून, ते सांगायलाच हवं. तो सात वर्षांचा होता आणि ताई एकोणीस. आई आधीच गेलेली. बाबांची डावी बाजू गेलेली, ते अंथरुणाला खिळलेले. शाळेच्या मैदानात एका फिरत्या नाटक कंपनीने तंबू ठोकला होता. त्यांच्या खेळात वाघाचा मुखवटा घातलेला माणूस थेट प्रेक्षकांत उडी मारायचा. वर्गातल्या सगळ्या पोरांनी तो बघितला होता, फक्त याने नाही, आणि खेळाचा तो शेवटचा दिवस. याने जमिनीवर लोळण घेतली, टाचा घासल्या, रडून रडून आवाज बसवला. ताई आधी रागावली, मग समजावून थकली. बाबांचा नुकताच डोळा लागला होता. तासाभराचा तर प्रश्न. ‘चल मेल्या,’ म्हणाली आणि बाहेरून कडी घालून निघाली.

तो तास त्याच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा तास, हे त्याचं दुर्दैव. हसून हसून त्याचं पोट दुखलं. नाटकाचं वेड लागलं ते तिथेच. परत आले तेव्हा बाबा पलंगावरून अर्धे खाली लोंबत होते, उजवा हात तिपाईकडे. ग्लास खाली पडलेला आणि पाणी फरशीभर पसरलेलं. बाबा गेलेले होते.

ताई ओरडली नाही, रडली नाही. तिने त्यांना उचलून नीट निजवलं. मग अंगावरची शाल काढली, गुडघ्यांवर बसली आणि ती फरशी कोरडी केली, पार पलंगाखालच्या कोपऱ्यापर्यंत. ग्लास भरून जागेवर ठेवला. मगच शेजाऱ्यांना हाक मारली. संध्याकाळी काका आले. ‘शेवटी काही बोलला का?’ त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, ‘बोलले. धाकट्याला शिकवा म्हणाले. आणि दोघांची ताटातूट करू नका म्हणाले.’ काकांनी ते शब्द इमानाने पाळले. मुलगा शिकला, नोकरीला लागला, ताईच्या हातचं जेवून वाढला. बाबा तसलं काही बोललेच नव्हते, हे जगात फक्त ताईला ठाऊक होतं आणि त्याला. त्याबद्दल दोघांमध्ये कधी अवाक्षर निघालं नाही. ताईने टायपिंगचे वर्ग घेतले, लग्न केलं, लेकीला मोठं केलं, नवऱ्याला पोचवलं. पण नाटकाला ती पुन्हा कधी गेली नाही. भावाच्याही नाही. ‘मला गर्दीत गुदमरतं रे,’ एवढंच म्हणायची.

आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्तीला सहा महिने उरले असताना, या भित्र्या माणसाने काय करावं? तक्रारीच्या कोऱ्या अर्जांच्या पाठीवर अकरा दुपारी खपून स्वतःचं पहिलं नाटक लिहिलं. तेही नेमकं हेच! इतकी वर्षं आत कोंडलेलं होतं, हाताने ऐकलंच नाही. लिहून झाल्यावर मात्र त्याची घाबरगुंडी उडाली. मग त्याने त्याला येणारी एकच गोष्ट केली. स्वतःच्या घराचंच रूपांतर केलं. बापाची आई केली, वाघाच्या तंबूचा नाचाचा हॉल केला, काकांचा मामा केला. धाकट्या भावाला तर नाटकातून साफ काढूनच टाकलं. तो राहिला तर सगळे ओळखतील, असं त्याने स्वतःला बजावलं. खरं कारण वेगळं होतं. ते लोळणारं पोर त्याला डोळ्यांसमोर बघवलं नसतं. आता त्याच्या नाटकातली मुलगी आजारी आईला कोंडून स्वतःच्याच हौसेपायी नाचायला जाऊ लागली.

जाहिरातीवर त्याने छापलं, ‘एका परदेशी नाटकावरून’. कुठल्या, असं बायकोने विचारलं तर म्हणाला, ‘तुला नाव उच्चारता यायचं नाही.’ सगळ्यांनी मुकाट विश्वास ठेवला. एका वर्तमानपत्राच्या समीक्षकाने तर लिहिलं की मूळ नाटकाची खोली रूपांतरात थोडी उणावली आहे. एरवी यावर तो आठवडाभर हसला असता.

पण त्याच आठवड्यात ताईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि बायकोने परस्पर तिच्यासाठी रविवारी चारच्या प्रयोगाचं तिकीट काढलं. चौथी रांग, मधली खुर्ची. तो तसाच ताईकडे धावला.

‘अगं, फार रडकं नाटक आहे.’

‘मग काय झालं? मी काय साखरेची आहे विरघळायला?’

‘गर्दीत गुदमरतं ना तुला?’

ताई चष्मा पुसत होती. ‘सत्तर वर्षांची झाले. आता नाही बघितलं तर कधी बघू? तू निवृत्त होणार, मी तरी काय कायमची जगणार आहे? येते मी.’

परतीच्या वाटेवर त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. ताईला कळणार. तिने तोंड मिटून जपलेली गोष्ट भावाने दिवे लावून चारशे लोकांना दाखवली, हे तिला पहिल्या अंकातच कळणार. मग ती त्याच्याशी बोलणार नाही. भांडणार नाही, ओरडणार नाही, नुसती बोलायची थांबेल. आणि त्याला आई म्हणावी, बाप म्हणावं, असं दुसरं होतं कोण?

रविवारी दुपारी तो मुलीचं काम करणाऱ्या नटीला गाठून कोपऱ्यात घेऊन गेला. ही नटी एरवी दातांची डॉक्टर, हाताने फार स्वच्छ आणि डोक्याने फार स्पष्ट.

‘डॉक्टरबाई, आज ते फरशी पुसणं गाळा.’

‘का?’

‘लांबतं.’

‘सर, त्या प्रवेशात लोक श्वास धरून बसतात. तुम्हीच एकवीस दिवस माझ्याकडून फरशी पुसून घेतलीत. गुडघे सोलले माझे!’

‘आजच्या दिवस. हात जोडतो.’

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. ‘बरं, गाळते,’ म्हणाली, ‘तुम्ही आधी पाणी प्या.’

घंटा झाली. विंगेतल्या काळ्या पडद्याच्या फटीतून त्याला ताई दिसत होती. पाठ ताठ, पर्स छातीशी धरलेली. स्टेजवर मुलीने कडी घातली तेव्हा ताई हलली नाही. नाचाच्या हॉलमधल्या विनोदाला लोक हसले, ती हसली नाही. मग अचानक ती उठून उभी राहिली. ही निघाली! पण उशिरा आलेलं एक जोडपं तिच्यापुढून सरकत होतं, त्यांना वाट देऊन ती पुन्हा बसली. त्याने विंगेतला दोर गच्च धरून ठेवला होता.

मुलगी परत आली. आई पलंगावरून लोंबत होती. ग्लास पडलेला. आता डॉक्टरबाईने नुसतं दाराकडे जायचं, असं ठरलं होतं. ती दोन पावलं गेलीही. पण पाणी उतारावरून थेट दाराकडे वाहत निघालं होतं, आणि पुढच्या मिनिटाला तिथूनच पासष्ट वर्षांचा मामा धावत येणार होता. घसरला असता तर कंबर मोडली असती. बाई थबकली. पाण्याकडे बघितलं. मग तिने शाल काढली आणि गुडघ्यांवर बसली. सारं सभागृह चिडीचूप झालं. विंगेत दिग्दर्शकाने डोळे मिटून घेतले. कापड फरशीवर घासल्याचा आवाज मात्र त्याला कान झाकूनही ऐकू येत होता.

डोळे उघडले तेव्हा ताईने दोन्ही हात तोंडावर घेतले होते.

पडदा पडला, टाळ्या झाल्या. तो प्रेक्षकांना नमस्कार करायला स्टेजवर गेलाच नाही. मेकअपच्या खोलीत जाऊन आरशाकडे पाठ करून बसला. मागच्या दाराने सटकावं, असंही मनात आलं. तेवढ्यात बायको ताईला हाताला धरून घेऊन आली. ‘ताईंना तुमच्याशी बोलायचंय,’ म्हणाली. मग दोघांचे चेहरे बघून बाकीच्यांना चहाला घेऊन गेली आणि जाताना दार ओढून घेतलं.

ताई स्टुलावर बसली. रडून तिचे नवे डोळे लाल झाले होते. ‘औषध घातलंस का डोळ्यांत?’ एवढंच तो कसंबसं बोलला.

‘ते राहू दे. ही गोष्ट खरी असेल का रे? का त्या लेखकाने मनाने रचली?’

‘खरी असेल,’ तो म्हणाला.

‘म्हणजे तिकडे अशी एक बाई आहे.’ ताईने मोठा श्वास सोडला. ‘मला वाटत होतं, सगळ्या जगात मी एकटीच.’

त्याला आधी समजेना. ती रागावली नव्हती. तिला कळलंच नव्हतं. सुटलो, असं त्याला वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची शरम वाटली.

‘तुला एक सांगायचंय,’ ताई म्हणाली. ‘मनात होतं, मरायच्या आधी सांगेन. पण भीती वाटायची. बाबा गेले ना, तेव्हा मी त्यांच्यापाशी नव्हते. बाहेरून कडी घालून गेले होते. मैदानावर तंबू होता, तिथे खेळ बघायला. मला हौस आली होती. आणि ते शेवटचं बोलणं, तेही मीच रचलं.’

‘एकटीच गेली होतीस?’ त्याने विचारलं.

‘एकटीच. तू शेजाऱ्यांकडे झोपला होतास. तुला कसं आठवणार, एवढासा तर होतास.’

तिनेही आपल्या गोष्टीतून त्याला काढून टाकलं होतं. त्याने स्वतःला वाचवायला काढलं होतं, आणि ती एक्कावन्न वर्षांनी, रडता रडता, त्याला वाचवत होती. आता नुसतं ‘असू दे, ताई’ म्हटलं असतं की झालं. ती हलकी होऊन घरी गेली असती, हाही निर्धास्त निवृत्त झाला असता. एवढा तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता.

‘ताई, मी होतो तुझ्याबरोबर,’ तो म्हणाला. ‘मी लोळण घेतली म्हणून तू गेलीस. वाघ होता तिथे. तू मला मांडीवर घेऊन बसली होतीस. तू शालीने फरशी पुसलीस तेव्हा मी दारात उभा होतो. तिकडे कुणी बाई नाही गं. हे नाटक मीच लिहिलंय.’

बाहेर कुणीतरी नेपथ्याच्या पट्ट्या सुट्या करत होतं, हातोडीचे ठोके येत होते. तो तिच्या रागाची वाट बघत राहिला. ती चिडली असती, तिने थोबाडीत दिली असती, तरी त्याला बरं वाटलं असतं.

‘तुला सगळं आठवतं?’ तिने विचारलं.

‘सगळं.’

‘तेव्हापासून?’

‘हो.’

तिने त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.

‘अरे देवा,’ ताई म्हणाली, ‘मला वाटत होतं, निदान तू तरी सुटलास.’