आश्रुबानं बंडी काढली

पेडगावात माझं शिलाईचं दुकान होतं, आणि माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा जास्त चालायची. लोक कपडे शिवायला कमी आणि माझ्या तोंडून दुसऱ्याची टिंगल ऐकायला जास्त यायचे. मला त्याचा अभिमान होता, हे आधीच कबूल करतो.

आश्रुबा माझा लहानपणापासूनचा दोस्त. तरुणपणी कुस्त्या मारलेला गडी. साठी ओलांडली तरी उघड्या अंगानं गावभर फिरायचा. कधीमधी लागणाऱ्या त्याच्या बंड्या मीच शिवायचो. ब्याऐंशी साली त्याची लघवी अडली. औरंगाबादच्या दवाखान्यात प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. अडीच वर्षं रोज गोळ्या चालल्या. मग डॉक्टरांनी त्या बंद केल्या, दुखणं दबलंय म्हणाले. त्याच्या बायकोनं, धुरपताबाईनं, गल्लीत साखर वाटली. मी म्हटलं, सुटला बिचारा.

पण सुटलेला माणूस असा वागतो? दुखण्यात सुटलेलं तालमीच्या कट्ट्यावर येणं अजून बंदच. विहिरीवरची आंघोळ बंद. ऐन वैशाखात अंगात जाडजूड बंडी. आणि मला सगळ्यात झोंबलं ते हे, की ती बंडी माझ्या हातची नव्हती. परभणीच्या बाजारातून आणलेली तयार बंडी, पोत्यासारखी ढगळ. विचारलं तर म्हणाला, "तुजे डोळे गेलेत आता, दत्तू." तेव्हापासून मी डूख धरला, खोटं कशाला बोलू.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा थोरला भाऊ सटवाजी वारला. सटवाजीला मूलबाळ नव्हतं, म्हणून अग्नी आश्रुबानंच दिला, तोही बंडी घालून. त्या गडबडीत कुणी काही बोललं नाही. दहाव्याला मात्र नदीवर डोकं आणि मिशा उतरवून, उघड्या अंगानं आंघोळ करून पिंड द्यायचा होता. भाऊबंद ओळीनं बसले. आश्रुबा उभाच.

"मला ताप चढायलाय," तो म्हणाला. "लिंबाजीला बसवा."

लिंबाजी चुलतभाऊ. सख्खा समोर असताना तो कसा बसणार? कुजबुज सुरू झाली. दोघा भावांचं बांधावरून वाजलेलं गावाला माहीत होतं. मेल्यावरही वैर सोडीना, असं जो तो म्हणायला लागला. मलाही तसंच वाटलं. मी उठलो आणि त्याच्या कपाळाला हात लावला.

"ताप कुठं हाय?" सगळ्यांना ऐकू जाईल असं मी ओरडलो. "तिकडं भाऊ पिंडासाठी ताटकळायलाय, अन् ह्याला बंडी काढायची लाज वाटायली! नवी नवरी हाइस का रे?"

लोक हसले. लोक हसले की मला चेव यायचा. मी त्याच्या बंडीच्या वरच्या दोन गुंड्या काढल्या.

त्यानं माझं मनगट धरलं. मग सोडलं. मांडून ठेवलेल्या पिंडाकडे एकदा बघितलं आणि राहिलेल्या गुंड्या त्यानं स्वतःच काढल्या.

त्याच्या छातीवर दोन्हीकडे स्तन आले होते. वयात आलेल्या पोरीला येतात तसे. हसणारे मध्येच थांबले. न्हावी हातातल्या वस्तऱ्याकडे बघायला लागला. आश्रुबा खाली बसला, धोतराचा सोगा त्यानं खांद्यावरून छातीवर ओढून घेतला, आपल्या बायका पदर घेतात अगदी तसा, आणि मान खाली घातली.

बायकांतून धुरपताबाई पुढं आली. मला वाटलं शिव्या देईल.

"गोळ्यांनी झालंय, भावजी," ती म्हणाली. "बायकांच्या औषधाच्या असत्यात म्हणं त्या. डाक्टर आधीच बोलले हुते. हे नगं म्हणायलते, म्याच चारल्या. गोळ्या सरल्या, पर हे काय उतरलं न्हाई."

इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती. आपले हात तोडून नदीत टाकावेत असं वाटलं.

आश्रुबानं सगळं नीट केलं. मुंडण झालं, आंघोळ झाली. पिंडाला दोन्ही हात लागतात. सोगा घसरून खाली आला, त्यानं तो परत उचलला नाही.

परतताना मी त्याच्या मागं मागं चाललो होतो. शेवटी राहवलं नाही.

"आश्रुबा, मला तरी सांगायचं हुतं. मी दोस्त हाय तुजा."

तो थांबला. मिशीशिवाय त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. राग मात्र दिसला नाही.

"माणिकरावानं नसबंदी केली, तवा तू त्याला काय नाव ठिवलंस?" त्यानं विचारलं. "आजून त्याच्या लेकाला लोकं त्याच नावानं हाक मारतेत. मी गावाला भ्यालो न्हाई, दत्तू. तुला भ्यालो."

एवढं बोलून तो पुढं गेला. मी तिथंच उभा राहिलो. त्याच्या बरोबरीनं चालायला मला तोंड नव्हतं.