डायलिसिसच्या आधीचा तास

डायलिसिस सुरू होण्यापूर्वी रुग्णांना सगळं समजावून सांगतात, त्या तासाला मी ताईला घेऊन गेलो होतो. ताईनं आयुष्यभर शाळेत शिकवलं. आज ती पुढच्या खुर्चीवर वही उघडून बसली होती. डाव्या हाताची शीर जपा, पाणी मोजून प्या, असं सिस्टर सांगत होत्या आणि ताई एकेक शब्द नेटक्या अक्षरात उतरवत होती. शेवटी तिनं विचारलं, "हे किती महिने करावं लागेल?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाल्या, "कायमच, बाई. किडनी बदलता आली तरच सुटका."

डॉक्टरांनी मला हे आधीच सांगितलं होतं. ताईला धक्का नको म्हणून मी बोललो नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. खरं तर तिचा चेहरा बघायची माझीच छाती नव्हती. आजार समजावता येतो. त्याला शेवट नाही, हे कोणत्या शब्दांत सांगावं? आपलं माणूस मागे सरतं, आणि ते सांगायची वेळ परक्यावर येते.

बाहेर आल्यावर ताईनं विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

मी आधाराला हात पुढे केला, तर तो न धरता ती भिंतीला टेकत एकटीच जिना उतरू लागली.