आखाडातून वाचलेला बोकड

उन्हाळ्यात बोकडाला पंख्याखाली बांधून स्वतः उन्हात बसणारा माणूस साऱ्या कोल्हापुरात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. निवृत्त झालेली माणसं देवदर्शनाला जातात. शिरोलीच्या फौंड्रीतून सुटल्यावर मामांनी कसबा बावड्यातल्या घरामागे पैदाशीचा बोकड पाळला. त्याचं नाव सरदार. निम्म्या बावड्याच्या शेळ्या त्याच्याकडे येत. चैत्र लागला की मामांचं सगळं घर सरदारच्या तब्येतीवर चाले. अंगावर ओलं पोतं, पुढ्यात गूळपाणी, आणि घरातला एकुलता एक धड पंखा त्याच्या डोक्यावर. मामी बिचाऱ्या वर्तमानपत्राने वारा घेत. भर मे महिन्यात नेसरीला मामांच्या दुसऱ्या एका भाचीचं लग्न होतं. अक्षता पडतात न पडतात तोच बावड्यात वीज गेल्याचा फोन आला, आणि हा माणूस मांडवातून तसाच निघाला. मी म्हटलं, "मामा, जेवून तरी चला." "पावणं, जेवान काय पळून जातंय व्हय? तिकडं त्यो वाफंनं मराय लागलाय की!"

यंदाचा उन्हाळा मात्र सगळ्या पोत्यांना पुरून उरला. सरदारकडे आणलेली एकही शेळी गाभण राहिली नाही. बाया तक्रारी घेऊन दारात आल्या, बोकड म्हातारा झाला म्हणाल्या, आणि पुढच्या खेपेला दुसरीकडे गेल्या. पैदाशीतून उतरलेल्या बोकडाचं आमच्याकडे काय होतं ते सांगायला नको. आखाड लागलेला, श्रावणाआधी मटणाची हौस फेडून घ्यायला गल्लोगल्ली चुली पेटत होत्या. गिऱ्हाईक दोर घेऊनच आलं. मामीही म्हणाल्या, "देऊन टाका." मामा गोठ्याच्या दारात आडवे बसले. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की उन्हानं बोकडाचं बीज कमजोर होतं आणि ऊन सरल्यावरही सुधारायला दोनेक महिने जातात. आपले लोक नेमके त्याच मधल्या दिवसांत त्याला कापून मोकळे होतात, हे मामांचं दुःख. मी आपलं चिडवलं, "मामा, आखाडात सगळ्यात जास्त मटण तुम्हीच खाता."

"खातोय की! न्हाय कोन म्हनतंय? पर ह्येचा काय गुन्हा हाय?" मग त्यांचा नेहमीचा मोठा आवाज एकदम खाली आला. "पावणं, मी भट्टीवर हुतो तवा कैक वर्सं आमास्नी पोर न्हवतं. लोकांनी हिलाच वांझ म्हनलं. आईनं माझ्यासाठी दुसरी बगाय घेतली. मग मला भट्टीवरनं काढून स्टोरात बसवलं, आन् फुडच्याच वर्सी पोरगी झाली. डाक्टर म्हनला, भट्टीची धग बाधली हुती. पर तवर हिनं समदं सोसलं. दोष माझा आसंल, आसं मी कुनाला म्हनलो न्हाय."

मामी मागे चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कपबशा खाली ठेवल्या आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "बोकड इकायचा न्हाय. जावा तुमी." गिऱ्हाईक दोर गुंडाळून गेलं. मी उगाच कपबशी उचलून चहात तोंड घातलं.

दसऱ्याच्या सुमाराला गारवा आला आणि सरदारला माजाचा असा काही उग्र वास सुटला, की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मामा मात्र छाती भरभरून तो वास घेत हिंडत होते. मोठ्या मिनतवारीने त्यांनी दोन बायांना शेळ्या घेऊन बोलावलं. दिवाळी झाली तरी दोन्ही उलटल्या नाहीत, म्हणजे पुन्हा माजावर आल्या नाहीत. गाभण राहिल्याचं डॉक्टरांनीही तपासून सांगितलं. त्या दिवशी मामी सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "बोकडासाठी येवढं भांडलासा. तवा माझ्यासाठी भांडला आसता तर?" मामा सरदारचं अंग खाजवत बसले.

आता बावड्यात कुणाच्या सुनेला मूल नाही म्हणून कुणी बोललं, की मामा तिथे जाऊन उभे राहतात आणि स्वतःच्या भट्टीची गोष्ट साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. मामी घरात लाजून लाल होतात. पण खिडकी लावून घेत नाहीत.