कडा न शिवलेले पंचे

रंगाच्या कामात कपड्यांपेक्षा किस्सेच जास्त वाळत पडतात. मिचिको-सानच्या गॅरेजमधले काही तर कितीही धुतले तरी जात नाहीत. म्हटलं, लिहूनच टाकावेत.

मिचिको-सान म्हणजे फेल्डहोवन या डच गावातली आमची जपानी शेजारीण. माझ्यासारखीच नवऱ्याच्या नोकरीमागून आलेली. येताना तिने एक विद्या आणली, मी प्रेशर कुकर. ती तिच्या गॅरेजमध्ये तेनुगुई रंगवते. आपल्या पंच्यासारखं पातळ सुती कापड, दोन्ही बाजूंनी सारखंच रंगलेलं. पूर्वी सामुराई ते शिरस्त्राणाखाली डोक्याला बांधायचे.

गेल्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याची ओसाकाला बदली ठरली. साचे, रंग, हौद, सगळं ती कुणाच्या तरी हाती सोपवून जाणार होती. युट्रेख्टची एक डिझाइन शिकलेली मुलगी मागतच होती. मीही मागितलं. मागताना आवाज असा निघाला की जणू साखर उसनी मागतेय.

* * *

मागण्याचं कारण आमची इरा. वय साडेचार. शाळेत बाईंनी विचारलं, आई काय करते? इरा डचमध्ये म्हणाली, "आई वाट बघते."

खोटं काय त्यात? रोज शाळेच्या फाटकाशी सगळ्यांच्या आधी मीच उभी असते. न जाणो, पोरगी पाच मिनिटं आधी सुटली तर!

त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मी ठरवलं, गॅरेज मलाच मिळालं पाहिजे. आणि मिचिको-सानच्या हाताखाली काम शिकायला लागले.

* * *

पहिली अडचण पुण्याहून आली. सासूबाई. मी वीस तेनुगुई इस्त्री करून ठेवले होते. त्यांच्या आखूड कडा मुद्दाम शिवत नाहीत. पाणी साठत नाही, पटकन वाळतात. हे आईंना सांगायचं राहिलं. मी इराला आणायला गेले, परत येऊन बघते तर आईंनी निम्म्या गठ्ठ्याला हातशिलाई घातलेली. टाके इतके बारीक, की रडू येण्याआधी कौतुक वाटलं.

"एवढं सुंदर कापड रंगवायचं आणि कडा दुमडायचा कंटाळा करायचा," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या बाईला सांग, वेळ नसेल तर मला देत जा."

मिचिको-सान आली. तिने टाके उजेडात धरून पाहिले. मग आईंच्या शेजारी बसून एकेक टाका उसवू लागली. आईंनी कारण ऐकून घेतलं, पटलं काही नाही, पण त्याही उसवायला बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तरी संध्याकाळपर्यंत दोघींचं एकमत झालेलं दिसलं, की मी दोरा फार ओढून तोडते.

* * *

मग निखिल, माझा नवरा. चिप बनवायची यंत्रं जुळवणारा इंजिनियर. एका शनिवारी तो मदतीला आला. कापडाच्या घड्या एकावर एक घालायच्या, प्रत्येक थरावर साच्यातून रंग अडवणारी खळ लावायची, मग वरून झारीने रंग ओतायचा. तो थेट खालच्या थरापर्यंत उतरतो. निखिलने खिशातून पट्टी काढली.

"अगं, हा थर दोन मिलिमीटर सरकलाय," तो गंभीरपणे म्हणाला. "आमच्याकडे एवढ्यावर मशीन बंद करतात."

मी मिचिको-सानला इंग्रजीत सांगितलं. तिने त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि झाडू दिला. त्याने गॅरेज अप्रतिम झाडलं. कोपरेसुद्धा.

* * *

शेवटी परीक्षा ठरली. इथे एक केंडो क्लब आहे, बांबूच्या तलवारीने सामुराई पद्धतीची तलवारबाजी शिकवणारा. त्यांना स्पर्धेसाठी तेनुगुई हवे होते, पांढऱ्यावर निळे चतुर. सामुराईंना हा किडा फार प्रिय. म्हणे तो मागे फिरत नाही, पुढेच जातो.

"या वेळी मी हात लावणार नाही," मिचिको-सान म्हणाली. "स्पर्धा झाली की ठरवीन."

मी एकटीने रंगवले. चतुर पुढे जात असतील. मी मात्र रोज सात वेळा मागे येऊन गॅरेजचा नळ बंद केलाय का ते बघत होते.

स्पर्धेच्या दिवशी क्लबचा शिक्षक बेर्ट पहिला उतरला. उंच, आडवा, संपूर्ण टक्कल. घामाघूम होऊन जिंकला. शिरस्त्राण काढलं, तेनुगुई सोडला, आणि वाकून नमस्कार केला.

त्याच्या टकलावर चतुर होते. निळे, एका रांगेत, कपाळापासून थेट मागेपर्यंत.

जास्तीचा रंग धुऊन निघालाच नव्हता. आधी पोरं हसली, मग त्यांचे आईबाप. हॉलचा दरवाजा माझ्या अगदी डावीकडे होता. मी उठले आणि सरळ बेर्टसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, सगळे परत द्या, पुन्हा धुऊन शनिवारी आणून देते. त्यानंतर रंग उतरला तर मला बोला.

तोवर मिचिको-सान माझ्या मागून आली होती. तिने चष्मा लावला आणि बेर्टला खाली वाकायला सांगितलं. एवढा मोठा माणूस मुकाट्याने वाकला. तिने एकेक चतुर जवळून पाहिला. पंख, शेपूट, कडा. एकही रेघ पसरलेली नव्हती. मग पर्समधून मोबाइल काढून त्याच्या डोक्याचा फोटो घेतला.

"हा कशाला?" बेर्टने वाकल्या वाकल्याच विचारलं.

"ओसाकाला पाठवते, माझ्या गुरूंना," ती म्हणाली. "माझ्यामागे गॅरेज कोण चालवणार, असं विचारत होते. हलू नकोस, अजून एक घेते."