नागपूर ते तामिया: सासूबाई, मी आणि पाचवा गिअर

गाडी विकायचं ठरलं, म्हणून मी तिला नवा गिअरबॉक्स बसवला. हे वाक्य तेव्हा ज्याला ज्याला सांगितलं, त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि विषय बदलला. बायको जाऊन थोडे महिने झाले होते, त्यामुळे लोक मला तोंडावर काही म्हणत नसत. दुःखाचा हा एक फायदा कोणी सांगत नाही.

छिंदवाड्यावरून पचमढीकडे जायचा बेत करणाऱ्यांनी रस्त्याची माहिती विचारली होती. ती पुढे येईलच, पण मी तो रस्ता पहिल्यांदा पाहिला तो या गाडीतून, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, म्हणून सुरुवात गाडीपासून करतो.

दोन माणसांची, बिनछपराची, विलायती स्पोर्ट्स कार. सासरे कोळसा खाणीवर डॉक्टर होते. तिथला इंग्रज मॅनेजर मायदेशी जाताना ती त्यांना देऊन गेला. सासरे गेल्यावर कागद सासूबाईंच्या नावावर झाले आणि चाक शैलाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हातात आलं. मी शेजारी बसत असे.

गाडीला चारच गिअर. चौथ्यात जरा वेग घेतला की इंजिन असं किंचाळायचं की शेजारच्याशी बोलायला गाडी थांबवावी लागे. मला काही अडचण नव्हती. शैलाला होती. पाचवा गिअर हवा, म्हणजे इंजिन सावकाश फिरेल आणि माणसासारखं बोलता येईल, असं ती म्हणायची. शेवटी अपघातात मोडलेल्या एका मिनी ट्रकचा पाच गिअरचा बॉक्स तिने कामठी रोडच्या भंगारवाल्याकडून उचलला आणि सायकलरिक्षात घालून, त्यावर दोन्ही पाय ठेवून, घरी आणला. तो न्हाणीघराबाहेर पडून होता. मग तिला कावीळ झाली, ती उलटली आणि शैला गेली.

शैलाचा भाऊ प्रभाकर भिलाईला नोकरीला. त्याने छिंदवाड्याच्या एका लाकूड ठेकेदाराशी गाडीचं बोलणं केलं आणि मला विचारलं, "तुमची काही हरकत?" मला हरकत होती. मी "नाही" म्हणालो. गाडी सासूबाईंची, आणि सासरच्या वस्तूवर जावयाने हक्क सांगू नये, असं आमच्याकडे मानतात.

गफूरभाई मिस्त्रींनी मात्र तोंडावर विचारलं, "विकायचीच आहे, तर काहून हा उपद्व्याप करून राहिले साहेब?"

"काम अर्धं राहिलंय."

"म्हणजे पोरीले सासरी धाडताना दागिने घालता, तसं?"

"तसंच समजा."

काम समजलं तितकं सांगतो, कारण जुन्या गाडीवाल्यांच्या चौकशा येतात. ट्रकचा बॉक्स आमच्या इंजिनाला थेट बसेना, म्हणून दोन्हींच्या मध्ये एक जाड लोखंडी प्लेट लेथवर तयार करून घेतली. नवा बॉक्स लांब, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड केला. गिअरचा दांडा भलतीकडे वर आला, म्हणून दोन सीटांमधला पत्रा फाडला. स्पीडची केबल काही केल्या बसेना. काटा शून्यावर झोपला तो झोपलाच. "वेग कशाले पाह्यता?" गफूरभाई म्हणाले. "पोहोचले की समजते."

आणि एक गोष्ट. जुन्या गाडीत पहिला गिअर डावीकडे वर होता. ट्रकच्या बॉक्समध्ये तिथे रिव्हर्स होता आणि पहिला डावीकडे खाली. दांड्यावरची मूठ मात्र मी जुनीच ठेवली. शैलाच्या हाताने ती गुळगुळीत झाली होती. तिच्यावर जुने चार आकडे कोरलेले होते. पहिल्याच दिवशी मी त्या आकड्यांवर विसंबलो आणि गफूरभाईंच्या चहाच्या बाकड्यावर मागून चढलो.

दिवाळीनंतरच्या थंडीत निघालो. प्रभाकरला सुटी मिळाली नव्हती. सही सासूबाईंची लागणार, म्हणून त्यांना खाप्याहून घ्यायचं, गाडी पोहोचवायची आणि दोघांनी एसटीने परतायचं, असा बेत होता.

आता सासूबाईंविषयी. त्यांच्या घराण्यात सासू जावयाशी थेट बोलत नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा आणि जे सांगायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. आमच्यात तिसरी शैला होती. मी समोर ताटावर असताना सासूबाई तिला म्हणत, "त्यायले विचार, भाजी वाढू का?" शैला मला विचारी, मी शैलाला "नको" म्हणे, तरीही भाजी ताटात पडे. शैला गेल्यावर हा मार्गच बंद झाला. महिन्यातून एकदा मी खाप्याला जाई, जेवे आणि परत येई. एका अक्षराचं बोलणं होत नसे.

अशा दोघांना ज्या गाडीत बसवलं होतं, तिच्यात गिअर बदलताना माझा हात त्यांच्या लुगड्याला लागायचा. दांडा कुठे जातो ते बघून त्या दर वेळी अंग चोरून घेत.

खाप्यातून बाहेर पडताच पदर उडाला. त्यांनी शिदोरीचं फडकं सोडून ते पदरावरून हनुवटीखाली घट्ट बांधलं आणि समोर बघत म्हणाल्या, "हळू चाल वं बाई. तुले कोणती घाई लागली?"

मी इकडेतिकडे पाहिलं. बाई कोणी नव्हती. त्या गाडीशी बोलत होत्या.

मी थोडा विचार केला आणि गाडीलाच म्हणालो, "आईंना सांग, याहून हळू गेलो तर बैलगाड्या पुढे जातील."

फडक्याखालचा कान टवकारलेला दिसला.

सावनेरला तर्रीपोहे खा, हे आजही सांगेन. आम्ही दोन प्लेटी आणि चहा घेतला. पोहेवाल्याने तिखटाबद्दल विचारलं तर सासूबाई गाडीकडे बघून म्हणाल्या, "त्यायले कमी लागते." लग्नानंतरच्या नऊ वर्षांत हे त्यांच्या लक्षात आलं होतं, याचं मला नवल वाटलं.

सौंसरकडे रस्ता सरळ आणि मोकळा. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, खोक्यांचे ढीग, वाळलेल्या गवताचा वास. चौथ्यात इंजिन ओरडायला लागलं तसा सासूबाईंनी दरवाजा धरला. "पाय मोडशील वं! हळू!" मी पाचवा टाकला. ओरडणं एकदम खाली आलं. त्यांनी दरवाजा सोडला. "हां. आता कशी शहाण्यासारखी चालून राहिली."

गाडी प्रत्यक्षात आणखी वेगाने चालली होती. मैलाचे दगड भराभर मागे पडत होते. काटा शून्यावर होता. मी गप्प राहिलो. ते मला चांगलं जमतं.

रामाकोन्यानंतर सिल्लेवानीचा घाट लागतो. आता रस्ता रुंद झाला आहे, तेव्हा अरुंद होता आणि लाकडाचे ट्रक अंगावर यायचे. घाटात तिसऱ्याच्या वर जाऊ नका आणि वळणावर हॉर्न द्या. माझा हॉर्न वाजत नव्हता. सासूबाई प्रत्येक वळणावर मोठ्याने "आली आली!" म्हणत होत्या. ते पुरलं.

ठेकेदाराचं घर छिंदवाड्याच्या वेशीवर. मोठं अंगण, त्यात मक्याच्या कणसांचा डोंगर, आणि बाजेवर त्यांची म्हातारी आई दाणे सोडवत बसलेली. माणूस चांगला होता. त्याने गाडीभोवती फेरी मारली, "क्या चीज आहे साहेब!" म्हणत बॉनेटवर हात फिरवला आणि चालवून बघायला बसला. गाडीच्या मागे मका, पुढे मोकळं अंगण.

मी बाजूला उभा होतो. मी आजवर न हलवलेली शैलाची सीट त्याने मागे सरकवली. आणखी अर्ध्या तासात गाडी त्याची होणार होती आणि "विकू नका" एवढंही मी कोणाला म्हटलेलं नव्हतं.

"पहिला गिअर कुठे?" ठेकेदाराने विचारलं.

एवढं तरी आपण सांगितलं पाहिजे, असं वाटून मी तोंड उघडलं. "अं... त्याचं असं आहे की..."

"जावईबापू, तुम्ही चूप राहा."

मी वळून पाहिलं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. सरळ. लग्नानंतर प्रथमच. मग ठेकेदाराकडे वळून त्या म्हणाल्या, "मुठीवर आकडे लिहून आहेत जी. पाहून घ्या."

त्याने आकडे पाहिले, दांडा डावीकडे वर ढकलला, ऐटीत समोर पाहिलं आणि क्लच सोडला.

गाडी मक्यात गेली. डोंगर सावकाश खचला. कणसं डिकीवर, सीटवर, ठेकेदाराच्या मांडीवर येऊन पडली. मग बाजेवरून त्याची आई म्हणाली, "बाप्पा! हे तं पाठमोरी येऊन राहिली घरात! अशी लक्ष्मी नको रे आपल्याले."

"गिअरमध्ये गडबड आहे," ठेकेदार कणसं झटकत म्हणाला.

"आहे जी," सासूबाई म्हणाल्या. "ट्रकचा आहे, माह्या पोरीनं आणलेला. तुमाले खोटं काहून सांगू?"

म्हातारीपुढे त्याचं काही चाललं नाही, सौदा तिथेच मोडला. त्यांनी आम्हाला मक्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊ घातलं, निघताना पिशवीभर कणसंही दिली. गाडीच्या मागच्या बंपरला छोटा पोचा आला होता, तेवढंच.

फाटकाबाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "इथून पुढं काय आहे?"

"तामिया. मग पचमढी."

"मग चला न. आता कोणती एसटी चुकून राहिली?"

तामियाचा रस्ता सागाच्या जंगलातून जातो. पेट्रोल छिंदवाड्यातच भरून घ्या. सपाटीवर पाचवा टाकला, इंजिन शांत झालं, आणि माझ्या लक्षात आलं की आता दोघांपैकी कोणालाही आवाजाचं निमित्त उरलेलं नाही.

"तुमाले विकायची होती?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग प्रभाकरले काहून नाही सांगितलं?"

"गाडी तुमची."

"आन् मले वाटलं, तिची गाडी दारात तुमाले पाहवत नसन. म्हणून मी हो म्हटलं."

"मला विचारायचं होतं."

"कशी विचारू? जावयाशी कोणी बोलते?" मग फडक्याची गाठ आवळत त्या म्हणाल्या, "आन् सावनेरच्या पुढं गाडी पळून राहिली होती, ते मले समजत नाही का? झाडं दिसतात मले."

तामियाचं विश्रामगृह कड्यावर आहे. समोर सातपुड्याच्या रांगा, एकीमागे एक, शेवटची आकाशात विरलेली. चौकीदाराने दोन खोल्या उघडून दिल्या आणि डाळभात टाकला. आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो. ऊन उतरत होतं.

"शैली इथं ओरडली असती," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही ओरडून पाहा."

"मला नाही जमत."

त्यांनी हनुवटीखालचं फडकं सोडलं, दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि "शैलेऽऽ" अशी हाक मारली. दरीतून ती थोडी परत आली. चौकीदार हातात पळी घेऊन धावत बाहेर आला. "कोई खो गया क्या माताजी?"

"नाही गा," त्या म्हणाल्या. "तुझा भात करपून राहिला, तो पाह्य."

मी दरीकडे तोंड करून उभा राहिलो. त्यांनी बराच वेळ मला हाक मारली नाही. ते बरं केलं.

दुसऱ्या दिवशी परतलो. पचमढी राहिली, ती मी पुढे पाहिली, पण तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. प्रभाकरचा ट्रंककॉल आला, तेव्हा फोन सासूबाईंनीच घेतला. "गिऱ्हाइकाले गाडी पुढं नेता येत नाही," एवढं सांगून त्यांनी विषय संपवला.

गाडी नागपुरात माझ्याकडे राहिली आणि रविवारी खाप्याला जाऊ लागली. जेवणं आता पूर्वीसारखी शांत राहिली नाहीत. मीठ कमी पडलं इथपासून मी स्वेटर का घालत नाही इथपर्यंत सगळं थेट माझ्या तोंडावर येऊ लागलं. एकदा शेजारच्या काकूंनी कुंपणावरून टोकलं, "काय वं, जावयाशी बोलतेस?"

सासूबाई माझ्या ताटात न विचारता भाजी वाढत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"मग? घरात दुसरं कोण आहे?"